रिक्षातला वर्ग

चालेल टीचरांनी कुठल्याही मुलाला ‘नीट बस’ म्हटल्याचं मला आठवत नाही. मूल वाकडं बसलं की त्या खुर्ची वाकडी करायच्या. एक मुलगी कायम फळ्याकडे पाठ करून बसायची, म्हणून त्यांनी फळाच मागच्या भिंतीवर नेला. आता बाकीच्यांची फळ्याकडे पाठ झाली, तेव्हा त्यांच्यासाठी दुसरा फळा आला. पालक कसलीही अडचण घेऊन गेले तरी टीचर ‘चालेल’ म्हणायच्या, म्हणून त्या चालेल टीचर. त्यांचं खरं नाव पापडीच्या चर्चमधल्या लोकांनाच ठाऊक असावं.

माणिकपुरात एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर त्यांची बालवाडी होती. तिथे एक पोरगा हेल्मेट काढायला तयार होईना. टीचरांनी सगळ्या वर्गाला घरून हेल्मेट आणायला सांगितलं आणि स्वतः नवऱ्याचं घातलं. त्या आठवड्यात माणिकपुरातले बाप पोलीस दिसला की गल्ली बदलत होते. शेवटी एक आजोबा तणतणत आले. “टीचर, शाळेत शिस्त नावाची काही चीज असते!”

“आहे ना,” टीचर हेल्मेटच्या आतून म्हणाल्या. “बघा, एकाचं पण डोकं उघडं नाय.”

या सगळ्यामागे त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. “माणूस जगात टिकला कसा?” त्या मला म्हणाल्या होत्या. “थंडी लागली, त्याने पांघरूण घेतलं. पाणी आडवं आलं, त्याने होडी केली. पाण्याला बाजूला हो म्हणून नाय सांगितलं. मग चार वर्षांच्या पोरालाच का सांगायचं? आपण मोठे, आपण होडी करायची.” मी मान डोलावली, पण मला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. माझं लक्ष माझ्या मुलाकडे होतं.

निहारला दोन शाळांनी ‘हा ॲडजस्ट होत नाही’ असं सांगून परत पाठवलं होतं. ही तिसरी. इथेही जमलं नाही तर पोरगा घरातच बसून राहणार, या भीतीने मी आणि माझी बायको धड जेवतही नव्हतो. आणि पहिल्याच दिवशी निहार रिक्षातून उतरेना. रिक्षावाल्या सावंतांच्या सीटमागची दांडी त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवली. मी समजावलं, चॉकलेट दाखवलं, शेवटी आवाज चढवला.

टीचर बाहेर आल्या. निहारकडे पाहिलं, रिक्षाकडे पाहिलं. “चालेल,” म्हणाल्या आणि दोन मुलांना घेऊन त्याच्या शेजारी चढून बसल्या.

“टीचर, धंद्याचा टाइम हाय माझा,” सावंत कळवळले.

“मग करा की धंदा. आम्ही कुठे अडवलंय?”

तेव्हापासून सकाळचा वर्ग माणिकपूर ते पापडी असा धावू लागला. उरलेली मुलं बंगल्यावर मावशींपाशी असायची आणि पाळीपाळीने रिक्षात यायची. सावंतांच्या शेजारी बसलेल्या पॅसेंजरला उतरण्याआधी पिशवीतल्या भाज्यांचे रंग सांगावे लागत. एका गृहस्थांनी वांग्याला काळं म्हटलं, तर मुलांनी त्यांना उतरूच दिलं नाही. सावंत सिग्नलला बडबडगीत म्हणू लागले, आणि शेजारच्या रिक्षावाल्यांनी त्यांच्याशी बोलणं कमी केलं.

पुढे ती रिक्षा फाटकाशी थांबू लागली, मग अंगणात. एका सकाळी आम्ही चार बापांनी पायरीवर फळ्या टाकून ती थेट व्हरांड्यात ढकलली. निहार रिक्षातच बसून वर्गाच्या खिडकीतून आत बघायचा, हजेरीला ओ द्यायचा. एकदा बाहेर कुणीतरी सावंतांना हाका मारत होतं. निहार रिक्षातून खाली उतरला आणि म्हणाला, “जा काका, तुमचं पॅसेंजर थांबलंय.” मग वर्गात जाऊन बसला.

मी भिंतीआड उभा राहून रडत होतो. टीचरांनी पाहिलं. म्हणाल्या, “चालेल. रडा.”

पुढच्या वर्षी टॉवर उठवण्यासाठी बंगला पाडायला घेतला आणि बालवाडी बंद झाली. टीचर पापडीला आपल्या वाडीत परतल्या. निरोप घेताना मी विचारलं, “मोठ्या शाळेत टिकेल ना हा?” त्या दिवशी त्या ‘चालेल’ म्हणाल्या नाहीत. निहारच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मला त्यांचा फार राग आला, आणि त्यांना सोडून निघताना पायही उचलेना.

परवा मोठ्या शाळेतून फोन आला, ताबडतोब या. पुन्हा तेच ऐकावं लागणार, असं धरून मी ऑफिसमधून धावत गेलो. वर्गात मॅडम कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि तीन-चार बाक रिकामे होते. “नवीन मुलगी आलीय. रडत बाकाखाली जाऊन बसली,” त्या म्हणाल्या. “तर तुमचा मुलगा डबा घेऊन तिच्याजवळ गेला. आता अर्धा वर्ग खाली आहे. त्याला बाहेर काढा!”

मी गुडघे टेकून वाकलो. खाली सात-आठ पोरं दाटीवाटीने बसली होती. मधोमध ती मुलगी निहारच्या डब्यातलं थालीपीठ खात होती. मला पाहताच तिने घास थांबवला.

निहार माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “बाबा, तुम्ही जरा लांब थांबा. तिला अजून तुमची सवय नाय.”

मी लांब जाऊन थांबलो.