रोहनचे रोडगे

अमडापूरच्या स्टँडवरून मी पुण्याला निघाले तेव्हा माझे बाबा रडले नाहीत, कंडक्टरशी भांडले. तुरीच्या डाळीचं पोतं सीटखाली ठेवायचं की डिकीत, यावरून! माय खिडकीपाशी डोळे पुसत होती आणि मध्येच "जाऊ द्या न आता, पोरगी चालली," असं बाबांना दटावत होती. गाडी सुटली तरी बाबा ओरडतच होते, "पोत्यावर ध्यान ठेवजो!" निरोपाला एवढंच वाक्य मिळालं, काय करता. आधी मला हसू आवरेना, आणि चिखली यायच्या आत ढसाढसा रडू आलं.

गावातल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखंच हडपसर, भोसरी, चाकणला पांगलेल्या वऱ्हाडकरांनो, तुम्ही सगळे मला एकच विचारता: तू पोलिसात आहेस की शाळेत? दोन्हीत नाही. मारामारीत, टोळक्यात सापडलेली अल्पवयीन पोरं पोलीस आमच्या समुपदेशन केंद्रात पाठवतात आणि मी त्यांच्याशी बोलते. माय शेजारणींना सांगते, "ते पोट्ट्याइले समजावते." माझ्या कामाची याहून सोपी ओळख मलाही करून देता येत नाही.

आपल्याकडे एखादा पोरगा पानठेल्यावर बिडी ओढताना दिसला की तो घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असायची. तेव्हा या गावाचा मला भयंकर वैताग यायचा. मेल्यांना दुसरी कामं नाहीत का, असं वाटायचं. पुण्यात आल्यावर पहिले काही महिने कोणी काही विचारत नाही म्हणून मी हवेत होते. मग वस्तीत काम सुरू केलं आणि कळलं, की इथल्या पोरांनाही कोणी काही विचारत नाही. आई कामावर, बाप टेम्पोवर किंवा बाप नाहीच. चौकातला भाई तेवढा विचारतो, "जेवला का रे?" सगळं तिथून सुरू होतं. आधी चहा, मग बाइकवर एक चक्कर, मग हातात कोयता देऊन रील.

रोहनचं असंच झालं. सतरा वर्षांचा, काटकुळा, तोंडाने फटाका. आई चार घरी पोळ्या करते, वडील लहानपणीच गेले. कोयता फिरवतानाच्या रीलमुळे पोलिसांनी त्याला उचललं आणि माझ्याकडे पाठवलं. आमचे फौजदार कदम साहेब त्याला माझ्यासमोरच म्हणाले, "अठरा पूर्ण होईपर्यंत तू ताईंचा. त्यानंतर कोयत्याला हात लावलास तर सरळ माझा." साहेब दुष्ट नाहीत. पोरांना खोटी आशा लावत नाहीत, एवढंच.

आणि नेमकं भाईने जाहीर केलं की रोहनचा अठरावा वाढदिवस चौकात करायचा. मोठा फ्लेक्स, फटाके, आणि केक कापायचा कोयत्याने. रोहन मला हे सांगताना नुसता फुलला होता. "ताई, माझा वाढदिवस आजपर्यंत कोणी केलाच नाही." आता यावर मी कोणतं समुपदेशन करू? त्याची आई माझ्या खुर्चीशेजारी बसून पदर तोंडात धरून रडत होती. चौकात साहेबांचा बंदोबस्त लागणार होता. पोरगा केक कापणार आणि तिथूनच कोठडीत जाणार, हे मला लख्ख दिसत होतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या गावी चल. तुझे रोडगे करू."

"म्हणजे काय?" रोहनने असं तोंड केलं, जसं मी त्याला कारल्याचा रस देऊ केला.

तरी आला. आईला घेऊन, नवा पांढरा शर्ट घालून आला. बसमध्ये बसेपर्यंत माझा विश्वास नव्हता. बाबांनी शेतात गोवऱ्या रचल्या होत्या. कणकेच्या पोळ्या एकात एक गुंडाळून केलेले गोळे, म्हणजेच रोडगे, निखाऱ्यात भाजत होते, चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती. शेजारपाजारचे, तुरी सोंगायला आलेले मजूर, सगळे जमले होते. पंगत बसली आणि उत्सवमूर्ती आपली कॉलर सरळ करून पहिल्या पानावर जाऊन बसली.

आपली रीत त्याला सांगायचंच मी विसरले होते! ज्याचे रोडगे तो सगळ्यांना वाढतो आणि घरच्यांसोबत शेवटी जेवतो. बाबा थेट त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "काऊन बे, जेवण तुह्यं अन् पयले तूच बसला? ऊठ, बादली धर."

 याआधी त्याला 'बे' करून उठवणाऱ्या माणसाचा त्याने दात पाडला होता. रोहन लाल झाला. बाबांकडे बघत राहिला. बाबांना त्याच्या रीलचं, कोयत्याचं काही देणंघेणं नव्हतं, त्यांनी गरम भाजीची बादली पुढे केली. आणि तो उठला.

मग काय विचारता! "रोहन, इकडं वांगं!" "अरे रोहन, तूप आण न बाप्पा!" "भाऊ, मले अर्धाच दे!" पन्नास तोंडं एकाच नावाने ओरडत होती आणि हा पांढऱ्या शर्टावर भाजीचे डाग घेऊन धावत होता. त्याची आई मायजवळ बसून पोट धरून हसत होती. तिला मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मी मात्र तिथेच, भरल्या पंगतीत रडले. आनंदानेच.

संध्याकाळी कदम साहेबांचा फोन आला. चौकात रोहनच्या जागी दुसऱ्याने केक कापला होता, भाईसकट सगळे आत होते. मी रोहनला सांगितलं. त्याने शर्टावरचा भाजीचा डाग नखाने खरवडला. मग म्हणाला, "फ्लेक्सवर माझा फोटो होता?"

"होता. साहेबांनी उतरवला."

"बरं झालं. फोटो भंगार होता."

आता तो आयटीआयला जातो. बाबा फोनवर आधी त्याची चौकशी करतात, मग माझी. मला राग येतो, सांगून ठेवते.

गेल्या महिन्यात वस्तीतल्या आणखी एका पोराला अठरा पूर्ण झाली. त्याची आई केंद्रात आली आणि म्हणाली, "ताई, आमच्या पोराचेही ते रोडगे कराल का?" पूजेच्या दुकानातून गोवऱ्या आणल्या. केंद्राच्या अंगणात एवढा धूर झाला, की शेजारच्या सोसायटीने पोलिसांना फोन केला. कदम साहेब तावातावाने आले आणि जेवूनच गेले.

घर कुठे, असं मला कोणी विचारलं की इतकी वर्षं मी अमडापूर म्हणत आले. त्या दिवशी पहिल्या पंगतीत मी साहेबांशेजारी बसायला गेले, तर कणकेने भरलेल्या हातांनी रोहनने मला अडवलं.

"ताई, तुम्ही कुठं बसता? तुम्ही घरच्या."