कोतवाल बुकातली कौतिका

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. भूत, भानामती, कोणाच्या अंगात येणं... स्टाफरूममध्ये असा विषय निघाला की मी सरळ वह्या तपासायला घ्यायची. खोटं कशाला बोलू, वाचकांच्या अशा अनुभवांचा हा कॉलमसुद्धा मी हसण्यासाठीच वाचायची. आज स्वतःच लिहायला बसले आहे. आईला जाऊन अजून वर्ष व्हायचंय, त्यामुळे लिहिण्यात काही पुढे-मागे झालं तर सांभाळून घ्या.

नागपूरला नंदनवनमध्ये आमचं घर. घरात आम्ही तिघं - मी, माझे मिस्टर आणि माझी आई, कौतिकाबाई. वय ब्याऐंशी की त्र्याऐंशी, तिलाच माहीत नव्हतं. आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी... तिच्या पिढीतल्या पुष्कळ लोकांची असते तशी. शाळेत ती कधी गेलीच नाही, त्यामुळे दाखल्याचा प्रश्न नाही. पण डोकं एकदम शाबूत. भाजीवाल्याने दहा रुपये जास्त लावले तर खिडकीतून त्याला परत बोलवायची.

माझी मुलगी तन्वी पुण्याला नोकरी करते. तिने फोनवर डोक्यात घातलं, "मम्मी, आजीचा खरा वाढदिवस शोध ना. आपण मस्त केक कापू."

रिटायर झाल्यावर वेळच वेळ होता. कोणीतरी सांगितलं की गावोगावचे कोतवाल पूर्वी जन्म-मृत्यूची नोंद ठेवायचे. ती जुनी 'कोतवाल बुकं' तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज केला की बघायला मिळतात. आईचं माहेर पारशिवनीच्या अलीकडचं एक खेडं. आजोबा गणपत कोष्टी, घरी माग, लुगडी विणायचे आणि बाजारात, जत्रेत नेऊन विकायचे. आई दोन भावांमधली एकटी बहीण. दोन्ही मामा कधीच गेले.

निघताना आई दारात म्हणाली, "काहून एवढ्या उन्हात जाऊन राहिली वं? माह्याच्यानं केक खाल्ल्या जाते तरी काय?"

एसटीने कामठी, कन्हान करत पारशिवनीला पोचले. रेकॉर्ड रूम म्हणजे पत्र्याच्या कपाटांची एक लांब खोली. तिथल्या क्लार्क मॅडम भल्या होत्या. गावाचं नाव सांगताच त्यांनी लाल कपड्यात बांधलेले तीन गठ्ठे काढून दिले. पानं इतकी ठिसूळ, की उलटताना श्वास रोखून धरावा लागत होता.

दीड तासात सापडलं. 'गणपत कोष्टी यास मुलगी.' पुढे तारीख. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसायचंच. श्रावणातला दिवस निघाला. मला इतका आनंद झाला की त्या खोलीत मी एकटीच हसले.

तिथेच थांबायला हवं होतं.

पण म्हटलं, आलोच आहोत तर धाकट्या मामाचीही नोंद बघू. पानं पुढे उलटत गेले. जन्माच्या मागोमाग मृत्यूची पानं होती आणि एका पानावर बोट थांबलं. 'कौतिका. बाप गणपत कोष्टी. वय तीन वर्षं. कारण - ताप.'

मी ती ओळ कितीदा वाचली असेल... मग पुढची सगळी वर्षं पालथी घातली. धाकटा मामा सापडला. गणपत कोष्टीला दुसरी मुलगी झाल्याची नोंद कुठेच नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "आवरा बरं ताई, लंच टाइम होते आता." मी घड्याळ पाहिलं. एक वाजून पंचवीस मिनिटं. मी ती ओळ डायरीत उतरवून घेतली आणि बाहेर आले. घरी फोन केला नाही. काय सांगणार होते?

संध्याकाळी घरी पोचले तर मिस्टर गेटपाशीच उभे. हा माणूस आयुष्यभर वीज मंडळात होता, कशाला घाबरणारा नाही. पण त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"आईचं काहीतरी बिनसलं आहे," ते हळूच म्हणाले. "दुपारी मी त्यांना जेवायला वाढून राहिलो होतो. टीव्हीवर दीडच्या बातम्या लागायच्या होत्या. एकदम दाराकडे पाहून म्हणाल्या, जवाईबापू, ते पोट्टी उन्हात उभी हाय, तिले आत घ्या. मी पाहिलं, दारात कोणी नाही."

"कोणती पोट्टी?"

"तेच विचारलं मी. म्हणाल्या, अडीच-तीन वर्षांची. डोक्यावर एक केस नाही, अंगात पोराचा सदरा, पायापर्यंत आलेला. आणि म्हणाल्या... ते माह्यं नाव मागून राहिली."

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. डायरीतली ओळ मी अजून त्यांना दाखवलीही नव्हती.

"मग?"

"मग काही नाही. नीट जेवल्या. चार वाजता मी नेहमीसारखी गमतीने हाक मारली, कौतिकाबाई, चहा! उत्तरच नाही. जवळ गेलो तर म्हणाल्या, ते त्या लेकराचं नाव हाय जवाईबापू. मी तिचं तिले देऊन टाकलं."

मी आत गेले. आई पलंगावर बसून मेथी निवडत होती. शांत होती. मला पाहून म्हणाली, "आली? पानी पी आधी."

मी तिच्याजवळ बसले. "आई, तुझं नाव काय गं?"

तिने मेथीची काडी हातात तशीच धरली. मग लहान मुलीसारखी माझ्याकडे पाहत म्हणाली, "मले नाई मालूम वं शोभे."

दुसऱ्या दिवशी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. सगळं बरोबर. स्कॅनमध्येही वयाच्या मानाने काही वावगं नाही. फक्त नाव विचारलं की ती मान हलवायची... नाही माहीत.

मग मी एकटीच आईच्या माहेरगावी गेले. त्या काळातलं एकच माणूस उरलं होतं, आईची चुलत बहीण, वच्छीमावशी. वय नव्वदीच्या वर, दिसत जवळजवळ नाही. अंगणात बाजेवर पडून होती. मी आडून-आडून न विचारता सरळच म्हटलं, "मावशी, कौतिका लहानपणीच गेली होती ना?"

ती उठून बसली. "कोनं सांगतलं तुले?"

"कोतवाल बुकात आहे."

मावशीने पदराने तोंड पुसलं. मग हळूहळू बोलायला लागली. कौतिका तापाने गेली. आजीने अन्न सोडलं. रिकामी झोळी हलवत बसायची. दोन महिन्यांनी आजोबा कार्तिकातल्या जत्रेला लुगडी घेऊन रामटेकला गेले. तिथे तलावाच्या पायऱ्यांवर एक लेकरू रडत बसलेलं त्यांना दिसलं. "काका सांगे, दिवस बुडेपर्यंत बसलो तिच्यापाशी, कोनी आलंच नाई. मंग घेऊन आले घरी. काकीनं तिले पदराखाली घेतलं आन् म्हने, आली माही कौतिका! कोनाची हिंमत होती नाई म्हनाची?"

"आईला माहीत होतं?"

"तिले काय समजते! तीन वर्षाचं लेकरू. पयले चार-आठ दिवस कौतिका म्हटलं का नाई म्हने. दुसरंच नाव सांगे. छातीवर हात ठेवून सांगे, आईकडे जायचं म्हने. कोनी आयकलंच नाई. मंग तिनं बी सोडून देल्लं."

"काय नाव सांगायची, मावशी?"

तिने डोळे मिटले. ओठ हलवून पाहिले. "जिभेवर हाय ना... पन येत नाई वं बाई. मी बी तं लेकरूच होती."

मग मी विचारायचं होतं ते विचारलं. कौतिका, म्हणजे ती आधीची, दिसायला कशी होती?

"गोरी. केस तं तापात काढूनच टाकले होते, वैद्यानं सांगतलं म्हनून. तिचं झबलं ओलं होतं त्या दिवशी, तं मोठ्या भावाचा सदरा घातला. त्याच्यातच गेली. त्याच्यातच पुरली."

मी परत येताना कन्हानच्या पुलावर एसटी उभी होती, खूप वेळ, जाम होता. मी खिडकीला डोकं टेकून रडले. शेजारची बाई विचारत होती, कोणी गेलं काय? काय सांगणार होते तिला?

घरी आल्यावर मी आईला काहीही सांगितलं नाही. देवाशपथ सांगते, एक शब्द नाही. मिस्टरांनीही नाही. त्याच रात्री मी तिच्या पायाला तेल लावत होते. ती छताकडे पाहत म्हणाली, "शोभे, माही माय मले शोधत असन काय वं?"

ब्याऐंशी वर्षांची बाई विचारत होती. मी म्हटलं, "हो आई. शोधत असेल."

"मंग तिले सांग ना, मी इथी हाय."

त्यानंतरचे दोन महिने मी वेड्यासारखी फिरले. रामटेक, पारशिवनी, मौदा. त्या सुमाराला जन्मलेल्या मुलींच्या नोंदी काढल्या. पण कोतवाल बुकात जन्मलेले असतात आणि मेलेले असतात. हरवलेल्यांचं पान नसतं. आणि जन्माच्या नोंदीत नाव नसतं, फक्त 'मुलगी'. अशा शेकडो मुली मी डायरीत उतरवल्या. त्यातली माझी आई कोणती? किंवा कदाचित ती छत्तीसगडकडून, मध्य प्रदेशातल्या शिवनीकडून जत्रेला आलेल्या लोकांची असेल... कुठे-कुठे शोधणार.

रात्री मी त्या काळी मुलींना ठेवायचे तशी नावं लिहून तिला वाचून दाखवायची. सरू, भागी, जना, पार्वती, यमुना. ती प्रत्येक नाव नीट ऐकायची, जिभेवर घोळवायची आणि मान हलवायची. एकदा यमुनावर थोडी थांबली. मला वाटलं, सापडलं. पण नाही. म्हणाली, "चांगलं नाव हाय. पन माहं नाई."

तन्वी आली होती. श्रावणातल्या त्या तारखेला केक आणायचा का, तिने विचारलं. मी नको म्हटलं. ती तारीखही त्या आधीच्या कौतिकाचीच होती.

आई पोळ्याच्या आधी गेली. सकाळी चहा घेतला आणि आडवी झाली, एवढंच. शेवटपर्यंत वार-महिना सगळं पक्कं होतं.

आठवड्याभराने मृत्यूची नोंद करायला आम्ही दोघं गेलो. काउंटरवरच्या पोराने स्क्रीनकडे पाहतच विचारलं, "मृताचं नाव?" मी मिस्टरांकडे पाहिलं. शेवटी मिस्टरांनी आधार कार्ड पुढे केलं. त्याने टाइप केलं. कौतिका. वडिलांचं नाव गणपत. मी दाखला हातात घेतला आणि मला ती पारशिवनीची ओळ दिसली. तीच मुलगी, तोच बाप. सरकारदरबारी ती दुसऱ्यांदा मेली होती. माझ्या आईची नोंद अजूनही कुठेच नाही.

लोक सांगतात, तीन वर्षांच्या मुलाच्या मनात खोल काही राहतं आणि म्हातारपणी वर येतं. असेल. पण मग नेमकं त्याच दुपारी, त्याच वेळेला कसं? त्या सदऱ्याचं काय? ती कौतिका गेली तेव्हा माझी आई त्या घरात आलीच नव्हती. मी गणिताची बाई, पुष्कळ मांडून पाहिलं. सुटत नाही.

आणि खरं सांगू, आता ते सोडवायचंही नाही मला. मी ते पान उलटलं नसतं तर आई स्वतःच्या नावासकट गेली असती, उसनं का असेना. मला फक्त ते दुसरं नाव हवं होतं. तिने छातीवर हात ठेवून सांगितलेलं, कोणी न ऐकलेलं. एकदा तरी मला तिला त्या नावाने हाक मारायची होती.