सईने कॉलेजांना विचारलेला प्रश्न

मंडळी, आज सकाळभर आमच्या दिवेआगरच्या घरातून कॉलेजांना फोन चालले होते. बारावी झालेल्या आमच्या सईला सागरी संवर्धन शिकायचंय.

मी आपली हॉस्टेल कसं आहे, पुढे नोकरी लागते का, हेच विचारत होते. सईचा सगळ्यांना प्रश्न एकच, "किनाऱ्यावरचं प्रॅक्टिकल किती वाजता असतं?"

दोन नावाजलेल्या कॉलेजांनी लगेच सांगितलं, "दर गुरुवारी, अकरा ते एक."

फोन ठेवून सई म्हणाली, "आई, अमावस्या-पौर्णिमेला तेव्हा भरती असते. मग काय, नुसतं पाणी बघायचं?"

तिसऱ्या कॉलेजचं तर मी नावही ऐकलं नव्हतं. तिथल्या मॅडम हसल्या. "ते मी कशी ठरवणार गं? ओहोटी असेल तेव्हा जायचं. या अमावस्येला अंधारातच निघतोय. उठशील का तू?"

"उठेन की!"

मी बघतच राहिले. बारावीचं अख्खं वर्ष हिला हाका मारमारून उठवलंय हो मी!

तिच्या बाबांना अजून नावाजलेलंच कॉलेज हवंय. मला मात्र सकाळपासून वेगळंच कुतूहल लागलंय. तुमची मुलं कशासाठी आपणहून उठतील, ठाऊक आहे तुम्हाला?