धाकटीचं पोट

धाकटी म्हणजे माझी जाऊ. बोलणं कमी, हट्ट मात्र पहिल्या नंबरचा. बायंडिंगच्या कारखान्यात पुस्तकं बांधण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं. पाठीला सरस लावायचा, पुस्तक दाबाखाली ठेवायचं आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. कोणी घाईने उचललं तर ती सुपरवायझरलाही सोडत नसे.

तिला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं आणि उरलासुरला मारायला केमो थेट पोटात सोडायचं ठरलं. बरगडीखाली कातडीच्या आत छोटी डबी बसवली, तिची नळी पोटात. नर्सने बजावलं, औषध गेलं की कूस बदलत राहा, म्हणजे ते सगळीकडे पसरेल. बाईसाहेब मात्र उताण्या, ढिम्म. का, तर आतले टाके ओले आहेत, हललं की सुटतील. कारखान्याचा कायदा पोटालाही लावला. मी खांद्याला धरून वळवायची आणि पाणी प्यायला गेले की ही पुन्हा उताणी.

काही महिन्यांनी पोट टम्म फुगलं, पाण्याचा घोटही टिकेना. आतडी एकमेकांना चिकटलीत आणि एका जागी वाटच बंद झालीय, असं तपासणीत निघालं. हे आपणच ओढवून घेतलं, असं धाकटीने मनाशी पक्कं केलं. रडली, तेही भिंतीकडे तोंड करून.

डॉक्टरांनी खुर्ची ओढून तिला समजावलं. कूस बदलायची ती औषध पसरायला, चिकटण्याचा दोष तिच्या पडून राहण्याचा नाही. पोटाच्या आत गुळगुळीत अस्तर असतं. ऑपरेशनमध्ये ते दुखावतं आणि भरून येताना व्रणाचे धागे धरतात, ते आतड्यांना एकमेकांशी बांधतात. त्यात हे औषधही अस्तराला पोळतं. कोणाला फार होतं, कोणाला काहीच नाही. पोट उघडून वाट मोकळी करून बघू म्हणाले, पण आतडं फाटायला लागलं तर तसंच बंद करीन.

या बाईने कोणाचं काय घोडं मारलं होतं? देवाला बोल लावून लावून मी दमले.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर फारच लवकर बाहेर आले. काही सोडवता आलं नव्हतं. दीर औषधांच्या दुकानात गेले होते, म्हणून सांगितलं ते मलाच. ते परत आले तरी माझं तोंड उघडेना.

धाकटी शुद्धीवर आली. तिने आधी नवऱ्याला चहा घ्यायला पाठवलं, मग माझ्याकडे बघितलं.

"सुटलं का?"

"नाही गं," मी म्हणाले.



"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, म्हणून त्यांना बाहेर पाठवलं," ती म्हणाली. "आता ते आले की मला बोलू द्या."

दीर आले. थोडं सुटलंय, आता बरं वाटेल, असं तिने त्यांना सांगितलं. ते लहान मुलासारखे हसले. मी पाठ फिरवून तिचं पांघरूण सारखं करत राहिले.