दर रविवारचं ठरलेलं

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात आमसुलं वाळत घालत होते. घालून झाली, मग हात धुऊन निघाले. घाई करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं... रत्नागिरीतल्या एकाच शाळेत आम्ही दोघींनी नोकरी केली. ती गणित शिकवायची, मी भूगोल. बोललं की करायचं, हा तिचा हट्ट. "येते" म्हणून उठायचं आणि कधी ते सांगायचं नाही, ही आपली रीत तिला मुळीच पटत नसे. तिचे मुंबईचे दीर "बघू, गणपतीला जमलं तर" म्हणाले की ती माझ्याकडे येऊन फणफणायची, "बघू म्हणजे काय गो? हो म्हण, नाहीतर नाही म्हण!"

लेक लग्न करून फ्रान्सला गेली, नातू झाला. त्याला मराठी येईना, म्हणून निवृत्तीनंतर या बाई मोबाइलवर फ्रेंच शिकायला बसल्या आणि सोबतीला मला ओढलं. आमची गाडी निरोपापुढे फारशी सरकली नाही, पण ती त्यातच खूश. तिथली माणसं निघताना वार सांगून टाकतात. "आ दिमांश" म्हणजे रविवारी भेटू. समोरच्यानं "दाकोर" म्हटलं की ठरलं. दर रविवारी व्हिडिओ कॉल ठेवताना नातू म्हणायचा, "आ दिमांश, आजी," ही म्हणायची, "दाकोर," आणि पुढच्या रविवारी दोघंही हजर. तिचे यजमान नाना तेवढा वेळ मागच्या पडवीत जाऊन बसत. "मला त्यातलं काही कळत नाही," म्हणत.

आजारपणात डॉक्टरांनी तिला सगळं स्पष्ट सांगितलं होतं. शेवटच्या फोनआधी तिनं मला विचारलं, "आता त्याला काय म्हणू गो? खोटं नको."

"नुसतं 'ओ रवुआर' म्हण. त्यात नुसतं पुन्हा भेटू, दिवस ठरत नाही."

तिनं तसंच म्हटलं. पोरगं स्क्रीनजवळ सरकलं. मग म्हणालं, "आ दिमांश, आजी?" ती माझ्याकडे बघत राहिली... आणि म्हणाली, "दाकोर." तिला खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ती मला इतकी जवळची कधीच वाटली नव्हती.

रविवारच्या आत ती गेली. लेक एकटीच आली, दिवस करून परतली. त्यानंतरच्या रविवारी नानांनी मला बोलावून घेतलं. फोन वाजला. आजी नाही हे नातवाला माहीत होतं, तरी त्यानं लावला होता. दोघांनी एकमेकांना हात हलवून दाखवले. शेवटी तो म्हणाला, "आ दिमांश, आजोबा?"

"काय म्हणतो?" नानांनी मला विचारलं.

"पुढच्या रविवारी भेटाल का, विचारतोय."

नानांनी खुर्ची फोनजवळ ओढली. म्हणाले, "सांगा त्याला, आजोबा आहेत म्हणावं."