घंटेची पिन

जगदीश म्हात्रे गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी डोंबिवली पूर्वेतल्या एका खासगी रुग्णालयात वारला. वय एकोणपन्नास. हृदयविकाराचा झटका घरीच आला होता. रुग्णालयात पोचेपर्यंत तो शुद्धीवर होता. त्याची पत्नी वंदना हिचा फोन मला सव्वादहाला आला. दुपारी आम्ही स्मशानातून परतलो, त्याआधी तिला आणखी एक फोन येऊन गेला होता. तो जगदीशच्या कंपनीतून होता. सांत्वनाची दोन वाक्यं झाल्यावर त्यांनी सांगितलं, की त्याच्या बॅगेत पेनड्राइव्हसारखी एक काळी किल्ली असेल, ती जपून ठेवा, आमचा माणूस येऊन घेऊन जाईल. माणूस तिसऱ्या दिवशी आला. वंदनाने किल्ली दिली तेव्हा मी तिथेच होतो. त्याने पोचपावती लिहून दिली, पाणी घेतलं आणि गेला. त्या किल्लीसाठी जगदीश नऊ वर्षं एका नोकरीत थांबला होता. ते का, एवढंच इथे लिहायचं आहे.

आम्ही डोंबिवलीला एका वर्गात होतो. त्याचे आजोबा मिठागरात कामाला, घरची खाडीकाठी भातशेती. आम्ही दहावीत असताना त्या शेतात पहिली इमारत उभी राहिली, कॉलेज संपेपर्यंत आणखी पाच. चुलते आणि चुलतभाऊ जमिनीच्या व्यवहारात गेले, जगदीश इलेक्ट्रॉनिक्स शिकला आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत लागला. कंपनी लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनवायची. माझं वर्तमानपत्राचं ऑफिस नौपाड्यात होतं, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी आम्ही चहाला भेटायचो. तू नेमकं काय करतोस, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "वॉचमन आहे रे मी. बेल वाजली की बघायचं, कोण आलंय." मग त्याने खिशातल्या बिलाच्या मागे चित्र काढून नीट सांगितलं. बोर्डावरच्या मुख्य चिपला बारीक पाय असतात, त्यांना पिन म्हणतात. एका पिनला दाराचा सेन्सर जोडलेला, एकीला मजल्याचा, एकीला धोक्याच्या घंटेचं बटण. बटण दाबलं की त्या पिनवरचं व्होल्टेज बदलतं, चिपमध्ये त्या पिनच्या नावाची खूण उमटते आणि चिप हातातलं काम टाकून तिकडे बघते. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाक कोणाची, तिचं काय करायचं आणि झाल्यावर खूण कशी पुसायची, हे सांगणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये चालतो. त्या बोर्डाचा ड्रायव्हर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जगदीशने एकट्याने लिहिलेला होता.

नऊ वर्षांपूर्वी कल्याण पश्चिमेला एका सात मजली इमारतीत सबनीसबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका लिफ्टमध्ये अडकल्या. दुपारी वीज दोनदा गेली-आली आणि लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली. फोन घरात चार्जिंगला होता. दोन तास पन्नास मिनिटांनी इस्त्रीचे कपडे घेऊन जिना चढणाऱ्याला आतून ठोकल्याचा आवाज आला. घंटा वाजली नव्हती. सोसायटीने तक्रार केली, मेकॅनिक गेला, त्याने बटण दाबलं, घंटा वाजली. त्याने 'दोष आढळला नाही' असं लिहून सही घेतली. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी जगदीशने तो बोर्ड काढून आणायला लावला आणि स्वतःच्या टेबलावर मांडला.

त्याला चार दिवस लागले. दाराचा सेन्सर जुना झाला की फडफडतो, म्हणजे दार हललं नसतानाही सेकंदाला शेकडो हाका मारतो. ड्रायव्हर प्रत्येक हाकेला धावायचा आणि काम झाल्यावर खूण पुसायचा. पण जगदीशने पुसताना फक्त दाराची खूण पुसली नव्हती. एका ओळीत सगळ्याच पिनांच्या खुणा पुसल्या होत्या. त्याच क्षणी कोणी घंटेचं बटण दाबलं असेल, तर तीही खूण वाचली न जाताच जायची. "वॉर्डात बघ," तो मला म्हणाला, "एका खाटेची बेल वाजली म्हणून सिस्टर उठली, आणि परत येताना बोर्डावरचे सगळे दिवे बंद करून आली... तसं." मी म्हटलं, माणूस पुन्हा दाबेल ना. तो म्हणाला, की हाक मोजली जाते ती बटण दाबलं जातं त्या एका क्षणी. नंतर कितीही वेळ दाबून ठेवलं तरी दुसरी हाक जात नाही. आणि लिफ्टमध्ये पाटी होती : 'संकटकाळी बटण दाबून धरा.' पाटीचा मजकूर कंपनीतच ठरला होता. त्या बैठकीला तोही होता.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती घेऊन तो साहेबांकडे गेला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जगदीश, याला चूक म्हणू नका. सुधारणा म्हणा." सुधारणा नव्या बोर्डांमध्ये गेली. ज्या इमारतींचा देखभालीचा करार चालू होता, त्यांनाही मिळाली. ज्यांनी करार सोडून स्थानिक मेकॅनिक धरले होते, त्यांचं काय, या प्रश्नावर कंपनीची भूमिका अशी, की त्यांच्याशी आपला संबंध नाही. त्यांना पत्र पाठवलं तर चूक कबूल केल्यासारखं होईल. अशा इमारती एकतीस होत्या. ठाण्यात, कळव्यात, डोंबिवलीत, कल्याणपलीकडे. नोकरीच्या कागदांवर जगदीशची सही होती, की कंपनीच्या मालातले दोष बाहेर सांगणार नाही. उघड बोललं तर नोकरी जाणार होती. आणि नोकरीबरोबर किल्ली. बोर्ड कुठलाही नवा प्रोग्राम तसाच घेत नाही. त्यावर कंपनीचा शिक्का लागतो, आणि प्रत्येक बोर्डाच्या क्रमांकासाठी तो वेगळा मारावा लागतो. शिक्का त्या काळ्या किल्लीत होता. ड्रायव्हर जगदीशचा, म्हणून किल्ली जगदीशकडे. बोलायचं तर किल्ली सोडायची, आणि किल्ली ठेवायची तर बोलायचं नाही. त्याने किल्ली ठेवली, आणि रविवारी एकेका इमारतीत जायला लागला.

पहिली इमारत चुलत्याची होती, कारण तिथे कोणाचीच परवानगी लागत नव्हती. चुलते खुर्ची टाकून समोर बसले. "आरं जग्या, तुझी लिफ्ट बंद परली तं लोकं माझे दारान येतान," एवढं बजावून त्यांनी त्याला अर्धा तास दिला. काम वीस मिनिटांत झालं. बाकीच्या ठिकाणी इतकं सोपं नव्हतं. एका सेक्रेटरीने फुकट तपासणी म्हटल्याबरोबर दार लावून घेतलं. फुकट सांगणारे मागाहून गिझर विकतात, असा त्यांचा अनुभव होता. कळव्यात कमिटीने त्याचा विषय वार्षिक सभेपर्यंत ठेवला आणि सभेत पार्किंगवरून भांडण होऊन सभाच मोडली. पुढच्या वर्षी तो पुन्हा गेला. काही पत्ते बिल्डरच्या नावाचे होते आणि बिल्डर सापडत नव्हता. खरं कारण तो कुठेच सांगू शकत नव्हता. एका बाईंनी त्याला सरळ विचारलं, "काही बिघाड आहे का हो? असेल तर सांगा, आमच्याकडे लहान मुलं आहेत." तो म्हणाला, नाही, सुधारणा आहे. हे मला सांगताना त्याने साहेबांच्या आवाजाची नक्कल केली नाही. एरवी तो करायचा.

सबनीसबाईंकडे तो तिसऱ्या वर्षी गेला. त्यांच्या इमारतीचं काम कधीच झालं होतं. पण त्या दिवसानंतर बाई लिफ्टमध्ये चढल्या नाहीत असं त्याला कळलं होतं. गुडघ्यांमुळे जिनाही जमत नव्हता. म्हणजे सहाव्या मजल्यावरून त्या जवळजवळ खाली उतरल्याच नव्हत्या. त्याने एवढ्या वर्षांत एकाच परक्या माणसाला खरं सांगितलं, ते त्यांना. बाईंनी चहा केला. त्याचं सगळं ऐकलं. रागावल्या नाहीत. वर्गात पोरगं चुकीचं उत्तर देतं तेव्हा बघतात तशा बघत होत्या, असं तो म्हणाला. मग त्यांनी उजव्या हाताचा अंगठा वर करून दाखवला. "मी सोडलं नाही हो बटण," त्या म्हणाल्या. "लिहिलं होतं ना, दाबून धरा. हात बदलत होते, पण सोडलं नाही. म्हटलं, सोडलं आणि तेवढ्यात कोणी ऐकत असेल तर?"

तो उठताना त्यांनी एवढंच विचारलं, की अशा आणखी किती आहेत. त्या वेळी बावीस राहिल्या होत्या.

या नऊ वर्षांत त्याला तीनदा दुसरीकडून बोलावणं आलं. एक बंगळूरचं, एक पुण्याचं, एक परदेशातलं. मधल्या काळात त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली, जुन्या बोर्डांचं उत्पादन बंद झालं आणि त्याला एका कोपऱ्यातलं टेबल मिळालं. हाताखालची माणसं त्याच्या वर गेली. पुण्याच्या वेळी वंदनाने घरही बघून ठेवलं होतं. तो नाही म्हणाला आणि कारण सांगेना. एका गुरुवारी ती स्वतः नौपाड्याला आली आणि माझ्यासमोर त्याला म्हणाली, "लग्न माझ्याशी केलंस आणि संसार लिफ्टशी करतोयस. एकदा सांगून टाक, काय आहे ते." त्या संध्याकाळी त्याने तिला सांगितलं. तिने विचारलं, किती राहिल्या? अकरा, तो म्हणाला. त्यानंतर काही रविवारी तीही बरोबर जायची. सेक्रेटरींच्या बायकांशी ती बोलायची आणि दारं जरा लवकर उघडायची.

मी बातमी छापतो, असं मी त्याला दोनदा म्हटलं होतं. पहिल्यांदा तो हसला. दुसऱ्यांदा म्हणाला, "छाप. छापलंस की दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडून किल्ली काढून घेतील. मग उरलेल्या कोण करणार? तुझा पेपर?" मी छापलं नाही. ते बरोबर होतं की नाही, यावर आम्ही परत बोललो नाही.

गेल्या वर्षाअखेर एकच इमारत राहिली होती, कल्याणपलीकडे मोहने गावात. तिथले सेक्रेटरी सज्जन आणि नियमाचे पक्के. त्यांनी जगदीशला बसवलं, सरबत दिलं आणि कंपनीच्या लेटरहेडवर पत्र मागितलं. पत्राशिवाय लिफ्टला हात लावू देणार नाही, उद्या काही झालं तर जबाबदार कोण, असं ते म्हणाले. जगदीशला त्यांचं चुकतंय असं वाटलं नाही. पत्र तो आणू शकत नव्हता. तो चार वेळा गेला. चौथ्या वेळी, यंदाच्या मे महिन्यात, त्याने निदान एक पाटी लावू द्या अशी विनंती केली. पाटीला सेक्रेटरींची हरकत नव्हती. त्या संध्याकाळी तो मला भेटला तेव्हा चहावरून लवकर उठला. डिसेंबरपर्यंत काही तरी करून तेही उरकतो, मग राजीनामा देतो, म्हणाला. वंदनाने पुन्हा पुण्यात घर बघायला सुरुवात केली होती.

किल्ली परत गेल्यावर मी कंपनीला मोहन्याच्या इमारतीबद्दल लेखी विचारलं. उत्तर आलं, की त्या मालिकेचे बोर्ड आता कंपनीच्या सेवेत येत नाहीत आणि त्यांची शिक्क्याची व्यवस्था बंद करण्यात आली आहे. म्हणजे त्या बोर्डात आता कोणालाच नवा प्रोग्राम घालता येणार नाही. बोर्ड बदलायला हवा, हे मी सेक्रेटरींना भेटून कारणासह सांगितलं. त्यांनी शांतपणे लिहून घेतलं. विषय पुढच्या सभेपुढे ठेवतो, म्हणाले. मग लिफ्ट दाखवायला स्वतः माझ्याबरोबर आले. मी म्हटलं, एकदा एकट्याने जाऊन बघतो.

ही गेल्या शनिवारची गोष्ट. लिफ्ट चालू आहे. बटणाखालची कंपनीची जुनी पाटी काळ्या शाईने खोडलेली आहे आणि तिच्या खाली पोस्टकार्डाएवढा कागद प्लास्टिकच्या पट्टीने चिकटवलेला आहे. अक्षर जगदीशचं आहे. 'दाबून धरू नका. दाबा, सोडा. पुन्हा दाबा, सोडा. कोणी येईपर्यंत थांबू नका.' सेन्सर फडफडतो की नाही ते बघायला मी दुसऱ्या मजल्यावर दार अर्धवट ओढून ठेवलं आणि बटण दाबलं. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा घंटा वाजली, आणि खालून वॉचमनने विचारलं, कोण आहे.