कार्डांवर पंचांच्या सह्या

नोकरीत खुनाचे तपास केले, दरोड्यांचे केले. त्यातले बरेच आता धूसर झाले आहेत. एक साधी चोरीची फिर्याद मात्र माझी पाठ सोडत नाही. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हाही निरोपसमारंभात मला तीच आठवत होती. नावं कुणाचीच लिहीत नाही, गावाचंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातलं, कारखान्याची वसाहत असलेलं गाव, एवढं पुरे.

मी तेव्हा अहेरीहून बदलून आलो होतो. तिकडे बहुतेक काम सागवान चोरीचं. जप्त केलेल्या प्रत्येक ओंडक्यावर खूण करायची, नंबर टाकायचा, पंचनाम्यात लिहायचं. खूण करायची राहून गेली तर कोर्टात आरोपीचा वकील मुद्देमाल बदलल्याचा आरोप करतोच. ती शिस्त माझ्या अंगात मुरली होती.

एके दिवशी गावातला सायबर कॅफेवाला ठाण्यात आला. आमच्यासाठी तो अधूनमधून खबरीचं काम करायचा.

"साहेब, टेलरचाचाचा मोठा पोरगा माह्या दुकानात रोज येऊन राह्यला. क्रिकेटच्या खेळाडूंचे फोटोवाले कार्ड स्कॅन करते न् मुंबईले पाठवते. आता पार्सलही धाडलं."

"मग?"

"ते विकून राह्यला ना साहेब! शिवणकाम करणाऱ्याच्या घरी विदेशी कार्ड कुठून आले?"

हेच त्याने वसाहतीतल्या एका अधिकाऱ्यांनाही सांगितलं होतं. त्यांच्या मुलाला ऑस्ट्रेलियातल्या मामाने लहानपणी अशी कार्डं पाठवली होती. त्यांनी घरी जाऊन अल्बम उघडला, तर एक कार्ड सोडून सगळे कप्पे रिकामे. टेलरचाचांचा मुलगा मागच्या वर्षी त्यांच्या घरी सोफ्याची कव्हरं बसवायला आला होता. दुपारपर्यंत फिर्याद दाखल झाली. इंटरनेटशी संबंधित गुन्हा आमच्या ठाण्यात पहिलाच, त्यामुळे मलाही हुरूप आला होता.

मुलगा विशी ओलांडलेला. खांद्यावर टेप तसाच ठेवून आला. मी विचारलं, "खेळातली कार्डं कोण विकत घेतं रे?"

"मलेही असंच वाटत होतं साहेब. पण बाहेरचे लोक शौकानं घेतात. मुंबईत एक कंपनी आहे. आपण कार्डं त्यांच्याकडे ठेवायची, ते नेटवर लिलाव करतात, त्यांचं कमिशन कापून बाकी आपल्याले पाठवतात."

"आणि कार्डं कुणाची?"

"माही. चोरली नाई, जिकली. कार्ड जमिनीवर उलटं ठेवायचं, बाजूले तळहातानं थाप मारायची. हवेनं सुलटं झालं का आपलं. त्या साहेबाचा पोरगा ती खेळात हरला. त्याची थाप कच्ची होती ना."

हवालदार हसले. "चांगली गोष्ट बनवली बे. आता विकायची घाई काऊन?"

घाईचं कारण त्याने लपवलं नाही. शाळेच्या गणवेशांचं काम त्यांना मिळत होतं, पण आतली शिवण ओव्हरलॉक, म्हणजे कडेचे दोरे सुटू नयेत अशी गुंफलेली, पाहिजे ही शाळेची अट. त्या मशीनसाठी त्याला कार्डं विकायची होती. चाचांना आता सुई ओवताना दिसत नव्हतं. शाळा उघडायच्या आत मशीन आलं नाही तर काम चंद्रपूरच्या दुकानाला जाणार होतं. माझ्या टिपणात मी लिहिलं, 'आरोपीस पैशांची निकड.' मला तो गुन्ह्याचा हेतू वाटला.

टेलरचाचा ठाण्याच्या दारात उभेच होते. बसा म्हटलं तरी बसेनात. "साब, लडका झूठ नाई बोलत. आम्ही त्याले ओरडत होतो, पूरा दिन माती में हाथ मारते म्हणून."

मी मुंबईला शिपाई पाठवला आणि लिलावाच्या आधी कार्डं ताब्यात घेतली. शिपाई परत आला तो हसतच.

"साहेब, तिथला माणूस म्हने, कार्डं कडेनं पकडा, पाठीले हात लावू नका. लहान लेकरासारखं सांभाळून दिलं त्यानं. अन् म्हने, कोपरे दबले आहेत, म्हणून भाव कमी येईल. पण येईल."

आम्ही सगळेच हसलो. मग मी जप्ती पंचनामा केला. पंच म्हणून समोरचा चहावाला आणि पानठेलेवाला. कार्डं सारख्याच आकाराची, म्हणून मी हुकूम दिला, प्रत्येक कार्डाला वेगळं लेबल. गुन्हा क्रमांक, माझी सही, दोन्ही पंचांच्या सह्या. ठाण्यातल्या बाटलीतल्या डिंकाने ती लेबलं कार्डांच्या पाठीवर चिकटवली. डिंक ओला असतानाच पंचांनी बॉलपेन दाबून सह्या केल्या. बाकावर बसलेला मुलगा एकदम उठला.

"साहेब, चिकटवू नका! पाकिटात टाका, पाकिटावर लिहा. असं केलं तर कोणी घेणार नाई!"

"खाली बस," मी म्हणालो.

चार-पाच दिवसांनी दोषारोपपत्राची तयारी करत होतो. फिर्यादीने अल्बमही आणून दिला होता. त्यात उरलेलं एक कार्ड मी पाहिलं. कोपरे नव्या नोटेसारखे धारदार. मग जप्त केलेलं एक कार्ड शेजारी धरलं. चारही कोपरे बोथट, दुमडून सरळ केलेले आणि कडांमध्ये आपल्याकडची लाल मुरमाची माती शिरलेली. फिर्यादीच्या जबाबात स्पष्ट लिहिलं होतं की कार्डं कधी अल्बमबाहेर काढलीच नाहीत. मुंबईचा माणूस कोपऱ्यांबद्दल काय म्हणाला ते शिपायाने सांगितलं, तेव्हाच हे माझ्यासमोर होतं. आम्ही हसण्यात घालवलं.

फिर्यादीचा मुलगा नागपूरला होस्टेलवर होता. मी फोन लावला. कार्डांबद्दल विचारलं. तो हळूच म्हणाला, "काका, मी हरलो होतो. मामानं पाठवलेली म्हणून बाबा रागावतील, असं वाटलं. अल्बम कधी कोणी उघडलाच नाही. तुम्ही त्याला पकडलं का?"

फिर्यादीने खोटं सांगितलं नव्हतं. त्यांना खरंच चोरी वाटली होती. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी कोर्टात 'सी' समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवली. कोर्टाच्या आदेशाने कार्डं टेलरचाचांच्या मुलाला परत मिळाली, तोवर शाळा उघडली होती. त्याने सुपुर्दनाम्यावर सही केली, कार्डं पालथी करून पाहिली. पुढे हवालदाराकडून कळलं, इस्त्रीच्या वाफेवर त्याने लेबलं सोडवून पाहिली. लेबलासोबत कार्डावरची छपाईही निघून आली. तरी त्याने ती पाठवली, तर मुंबईच्या कंपनीने परत केली. गणवेशाचं काम चंद्रपूरला गेलं आणि थोड्या दिवसांनी त्याच दुकानात तो पगारावर कटिंग करायला लागला. चाचा इथे दुकानात एकटेच राहिले.

निर्दोष माणूस सुटला की आमच्या लेखी तपास संपतो. मीही वरिष्ठांकडून शाबासकी घेतली, कारण कोपऱ्यांवरून सत्य काढलं होतं. मुद्देमाल म्हणजे कुणाची तरी वस्तू आहे आणि ती त्याला ज्या कामासाठी हवी आहे त्या कामाची राहिली पाहिजे, हे मला त्या कार्डांनी शिकवलं. ओंडक्यावर खूण केली तरी पुढे त्याचं दार बनू शकतं. त्यानंतर जप्तीच्या वेळी मी आधी मालकाला विचारू लागलो, हे कसं ठेवायचं. शिपायांना ते विचित्र वाटायचं.

त्या वर्षी माझ्या मुलीचा गणवेशही त्याच चंद्रपूरच्या दुकानातून आला. महिन्याभरात खांद्याची शिवण उसवली. बायको म्हणाली, "टेलरचाचांकडून शिवून आणा ना, तुमच्या ठाण्याच्या रस्त्यावरच तर आहे." मी गणवेश पिशवीत घालून निघालो. चाचा दुकानात चष्मा कपाळावर सरकवून सुई ओवत होते, दोरा पुन्हा पुन्हा चुकत होता. समोर जाऊन उभं राहायची माझी हिंमत झाली नाही. ठाण्यात पोचल्यावर पिशवी मी शिपायाच्या हाती दिली आणि म्हटलं, चाचांकडून शिवून आण, पण गणवेश कोणाचा आहे ते सांगू नको.